ओव्हनसमोर बसल्याने दाणे लवकर वाळत नाहीत

वाशिमकडचा एखादा मुलगा अभियांत्रिकीत पीएच.डी. करतो आहे म्हटले की लोकांना आधी अभिमान वाटतो आणि लगेच काळजी वाटू लागते. काळजीचे कारण बहुधा ठरलेले. सुट्टीत घरी आलेला हा मुलगा संध्याकाळी भजनी मंडळात तबल्यावर बसतो, पहाटे दुर्बीण गळ्यात अडकवून एकबुर्जीच्या धरणावर पक्षी बघायला जातो, नाहीतर कारंज्याला शकुंतला रेल्वेच्या रुळांचे फोटो काढत हिंडतो. मग पारावरून विचारणा होते, ‘पीएच.डी. करून राह्यला का तबलाच बडवून राह्यला, बाप्पा?’ हसण्यावारी नेण्यासारखा हा प्रश्न नाही. त्यामागे एक पुरते तयार झालेले मत आहे आणि ते विद्यापीठांच्या विभागांतूनही तितकेच प्रचलित आहे. तिथे ते जरा सभ्य भाषेत बोलले जाते, एवढेच. संशोधकाने प्रयोगशाळेबाहेर जीव रमवणे म्हणजे संशोधनाची चोरी, असे ते मत. मला ते चुकीचे वाटते. पण त्याचा प्रतिवाद म्हणून हल्ली जे मत मोठ्या उत्साहाने मांडले जाते, तेही मला तितकेच चुकीचे वाटते. तेव्हा दोघांचाही समाचार घ्यावा लागेल.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडू नये, हा आपल्याकडच्या वादशास्त्राचा जुना दंडक. म्हणून आधी तो त्याच्या पूर्ण बळानिशी सांगतो. पीएच.डी.ला मुदत असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांप्रमाणे कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षे, फेरनोंदणी केली तर आणखी दोन. त्यात अभ्यासक्रम, वाचन, यंत्र उभे करणे, प्रयोग, लेख, प्रबंध. विषय कितीही चिमुकला असो, त्यावर जगभर इतके छापून येते की वाचून संपत नाही. दुसरे, पैसा सरकारी असतो. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती २०२३पासून महिना ३७,००० रुपये झाली. बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या शिष्यवृत्त्या राज्याच्या तिजोरीतून जातात. नागपूरच्या २०२३च्या हिवाळी अधिवेशनात या शिष्यवृत्त्यांवर बोलणे चालू असताना, पीएच.डी. करून पोरे काय दिवे लावणार, असा सवाल थेट सभागृहात झाला. त्यावर गदारोळ उठला, पण तो सवाल मनात बाळगणारे पुष्कळ आहेत हे काही खोटे नाही. तिसरे, वाशिम म्हणजे २०१८मध्ये नीती आयोगाने आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घातलेल्या महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांपैकी एक. सोयाबीन आणि तुरीवर चाललेल्या घराने एक मुलगा तिशीपर्यंत कमावता न होऊ देता शिकवला, तर त्या घराला हिशेब मागण्याचा हक्क आहे. आणि चौथे, ज्ञान ही तपश्चर्या आहे, तपश्चर्येत मन इकडेतिकडे जाऊ द्यायचे नसते, ही आपल्याकडे खोलवर रुजलेली धारणा.

चारही मुद्द्यांत तथ्य आहे. घोटाळा आहे तो त्यांतून काढलेल्या निष्कर्षात.

वेळेपासून सुरुवात करू, कारण बाकीचे तिन्ही मुद्दे शेवटी तिथेच येऊन टेकतात. हिशेब असा मांडला जातो: दिवसाचे तास ठरलेले, छंदाला दिलेला तास संशोधनातून वजा. हा हिशेब ज्याने मांडला त्याने अभियांत्रिकीचा प्रयोग जवळून पाहिलेला नसावा. वाशिमला जवळचा असा विषय घेऊ, सोयाबीनच्या मळणीत दाण्याला होणारी इजा. सोयाबीनचा दाणा नाजूक. ड्रमचे फेरे वाढले की साल फाटते, डाळ फुटते, वरून धड दिसणारा दाणाही पेरल्यावर उगवत नाही. म्हणून बियाण्यासाठी मळणी करताना फेरे मिनिटाला ४००च्या आसपास किंवा त्याहून कमी ठेवा, असे कृषी विद्यापीठे सांगत असतात. आता ही इजा दाण्यातल्या ओलाव्याप्रमाणे कशी बदलते ते मोजायचे आहे. त्यासाठी वेगवेगळ्या ओलाव्याचे नमुने लागतात. ते बाजारात मिळत नाहीत, करावे लागतात. दाण्यांत हिशेबाने पाणी मिसळायचे, प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करायचे आणि फ्रीजमध्ये पाच अंशांवर आठवडाभर ठेवायचे, म्हणजे पाणी दाण्याच्या गाभ्यापर्यंत सारखे पोचते. मग ओलावा खरोखर किती झाला हे पाहण्यासाठी त्यातले थोडे दाणे छोट्या डबीत तोलून १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये २४ तास ठेवायचे, डेसिकेटरमध्ये थंड करून पुन्हा तोलायचे. जे वजन घटले ते पाणी. म्हणजे यंत्र एकदाही न फिरवता आठ-नऊ दिवस गेले. या दिवसांत विद्यार्थी ओव्हनसमोर मांडी घालून बसला तरी दाणे लवकर वाळत नाहीत.

संगणकावरच्या संशोधनातही हेच. ड्रममधल्या हवेच्या आणि दाण्यांच्या हालचालीचे त्रिमितीय प्रतिरूप केले आणि गणिताच्या जाळीचे प्रत्येक घर सगळ्या बाजूंनी निम्मे केले की घरांची संख्या आठपट होते. काल रात्रीत सुटलेले गणित आज आठवडा घेते. तो आठवडा विद्यार्थ्याने त्रुटीचा आलेख खाली येतो आहे का हे दर अर्ध्या तासाने बघण्यात घालवावा, अशी काही विभागांची अपेक्षा असते. बायोमेट्रिक हजेरी त्याचसाठी लावलेली असते. हजेरी भरते, आलेख आपल्या गतीने खाली येतो, आणि विद्यार्थी मोबाइलवर अंगठा फिरवत बसतो. हा अंगठा कोणी छंदाच्या खात्यात धरत नाही, कारण तो प्रयोगशाळेच्या चार भिंतींत फिरतो!

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. सोयाबीन सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निघते. शेतावरच्या मळणीच्या चाचण्या त्या थोड्या दिवसांतच होतात आणि त्या हुकल्या तर थेट पुढच्या वर्षी. त्या काळात मुलाने धुऱ्यावर राहायचे, मजुरांच्या वेळेला हजर असायचे, पाऊस आला तर नमुन्याची पोती स्वतः ओढायची. तबला तेव्हा कपाटात. प्रबंधलेखनाचे महिनेही असेच सलग बैठकीचे असतात. सांगायचा मुद्दा, संशोधनाचा वेळ रोज सारख्या मापाने वाहत नाही; कधी पूर येतो, कधी पात्र कोरडे पडते. पूर्वपक्ष तो तासागणिक मोजतो, ही त्याची पहिली चूक. कारखान्याच्या पाळीसारखा मोजलेला वेळ कारखान्याला ठीक आहे.

पैशाच्या मुद्द्यावर फार थांबण्याचे कारण नाही. शिष्यवृत्ती देणाऱ्याला कामाचा हिशेब मागण्याचा अधिकार आहेच. त्यासाठी दर सत्राला सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. समितीने तिथे कडक व्हावे, खुशाल व्हावे. पण शिक्षकाला, तलाठ्याला, न्यायाधीशाला पगार देऊन त्याची रविवारची सकाळ आपण विकत घेत नाही. संशोधक विद्यार्थ्याची मात्र ती घेतली असे का समजायचे? शिष्यवृत्तीचा हप्ता चार-चार महिने थकतो तेव्हा तर या युक्तिवादाला चमत्कारिकच रूप येते.

तपश्चर्येचा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो परंपरेची साक्ष काढतो, आणि परंपरेची साक्ष काढायची तर वाशिमसारखे ठिकाण नाही. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेचा मूळ पुरुष सर्वसेन राजा होता आणि ‘हरिविजय’ हे महाराष्ट्री प्राकृतातले काव्य त्याने रचले. काव्य आज लुप्त आहे. पण आनंदवर्धनासारख्या काश्मिरी साहित्यशास्त्रज्ञाने काही शतकांनंतर त्याची आदराने दखल घेतली. राज्य चालवणाऱ्याने काव्य रचू नये, लक्ष विचलित होते, असे त्याला कोणी सुनावले असल्यास त्याची नोंद नाही. पुढे दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखराने ‘काव्यमीमांसा’ लिहिली, तीत काव्यपुरुषाचा आणि साहित्यविद्यावधूचा विवाह त्याने लावला तो विदर्भातल्या याच वत्सगुल्मात. त्याच ग्रंथात कवीची दिनचर्या आहे आणि ती आजच्या गाइड मंडळींनी जरूर वाचावी. राजशेखर दिवसाचे चार प्रहर पाडतो. पहिल्यात विद्या आणि उपविद्यांचा अभ्यास, दुसऱ्यात रचना, जेवणानंतरच्या तिसऱ्यात काव्यगोष्ठी, म्हणजे चार रसिकांत बसून प्रश्नोत्तरे आणि समस्यापूर्ती, आणि चौथ्यात सकाळच्या रचनेची परखड तपासणी. उपविद्या कोणत्या? चौसष्ट कला. म्हणजे ज्याला आपण तपश्चर्या समजतो त्या वेळापत्रकात कलांना दिवसाचा पहिला, ताजा प्रहर आहे आणि गप्पांनाही एक अख्खा प्रहर दिलेला आहे. बेबंदपणा मात्र तिथे नाही. तास न् तास बांधलेला आहे. आपल्या परंपरेत एकाग्रतेचा अर्थ एकच गोष्ट करत राहणे असा होता, हे निदान या ग्रंथावरून सिद्ध होत नाही.

इथवर प्रचलित मताचे झाले. आता छंदाच्या मित्रांकडे वळतो. हल्ली व्याख्यानांतून, पालकांच्या मेळाव्यांतून आणि विद्यापीठांच्या समुपदेशन कक्षांच्या फलकांवर सांगितले जाते की छंद जोपासा, त्याने मन ताजे होते, सर्जनशीलता वाढते, मोठमोठ्या शास्त्रज्ञांना छंद होते. थोडक्यात, छंद हा संशोधनाला घालायचा खुराक. या मताला पुराव्यांची कमतरता नाही. रसायनशास्त्राचे पहिले नोबेल मिळवणारे फान्ट हॉफ यांनी १८७८मध्ये अॅमस्टरडॅमच्या आपल्या पहिल्या व्याख्यानात, शास्त्रज्ञांची सुमारे दोनशे चरित्रे चाळून, कल्पनाशक्ती आणि कलेची ओढ ही थोर संशोधकांत वरचेवर दिसते असे मांडले होते. रॉबर्ट रूट-बर्नस्टाइन आणि सहकाऱ्यांनी २००८मध्ये नोबेल विजेत्यांची तुलना सर्वसाधारण शास्त्रज्ञांशी केली, तेव्हा कलाकुसरीचा छंद असण्याचे प्रमाण नोबेलवाल्यांत सुमारे २.८५ पट निघाले. उलट बाजूने, २०१८मध्ये टेरेसा इव्हान्स आणि सहकाऱ्यांनी २६ देशांतल्या २,२७९ संशोधक विद्यार्थ्यांना प्रश्नावली दिली, तेव्हा ३९ टक्क्यांत मध्यम ते तीव्र नैराश्याची लक्षणे आढळली; सर्वसाधारण लोकसंख्येत हे प्रमाण सहा टक्के धरले जाते. त्यावर छंदाचे औषध, असा निष्कर्ष काढायला कितीसा वेळ लागतो?

मला हे आकडे छंदाच्या बाजूने वापरायचे नाहीत. नोबेल मिळाल्यावर माणसाचे चरित्र लिहिले जाते, त्यात त्याची व्हायोलिन येते. ज्याला काहीच मिळाले नाही त्याची बासरी कोणी नोंदवून ठेवत नाही. शिवाय सुखवस्तू घरात वाढलेल्याला व्हायोलिनही मिळते आणि चांगली प्रयोगशाळाही, तेव्हा दोन्ही एकत्र दिसणे स्वाभाविक. इव्हान्स यांच्या पाहणीत प्रश्नावली भरायला पुढे आले तेच मोजले गेले. आणि खचलेल्या विद्यार्थ्याला पेटी वाजव म्हणणे हा त्याच्या गाइडची, शिष्यवृत्तीची आणि वसतिगृहाची जबाबदारी त्याच्याच डोक्यावर टाकण्याचा सोयीस्कर मार्ग आहे. पण माझा खरा आक्षेप पुराव्यावर नाही. छंद उपयोगी आहे म्हणून ठेवा असे म्हटले की तो उद्या उपयोगी ठरला नाही तर टाका, हे ओघानेच आले. म्हणजे हा मित्र पूर्वपक्षाचेच तागडे वापरतो, पारड्यात फक्त वेगळे वजन घालतो. दोघांच्याही मते मोलाचा तेवढा प्रबंध. छंद एकाच्या मते त्याचा चोर, दुसऱ्याच्या मते त्याचा नोकर.

मग छंदाचे स्थान काय? यासाठी पुन्हा वाशिमलाच यावे लागते.

१९३९मध्ये वाशिमच्या वासुदेवशास्त्री धनागरे यांच्यामुळे एक ताम्रपट उजेडात आला. तो प्रथम वाचून प्रसिद्ध केला य. खु. देशपांडे आणि द. बा. महाजन यांनी. देशपांडे यवतमाळला वकिली करणारे. शारदाश्रम या संशोधनसंस्थेचे चालक, महानुभाव वाङ्मयाचे अभ्यासक. पुढे वा. वि. मिराशी आणि महाजन यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’त त्याचे रीतसर संपादन केले. ताम्रपट वत्सगुल्माहून दिलेला, सर्वसेनाचा मुलगा दुसरा विंध्यशक्ती याच्या ३७व्या राज्यवर्षातला, भाषा काही संस्कृत, काही प्राकृत. त्याचे महत्त्व असे की तोवर वाकाटकांची ही स्वतंत्र शाखाच अभ्यासकांना ठाऊक नव्हती. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातला लेख झिजलेला, त्यातले सर्वसेनाचे नाव पूर्वीच्या वाचकांना लागलेच नव्हते. वाशिमच्या पत्र्यांनी ते नाव लावून दिले, आणि अजिंठ्याची ती लेणी ज्या हरिषेणाच्या काळातली, तो कोणत्या घराण्याचा हेही उलगडले. वकिलीच्या फायली बाजूला सारून केलेले हे काम छंद म्हणायचे की संशोधन?

असाच प्रश्न चंद्रशेखर वेंकट रामन यांच्याबद्दल विचारता येतो. १९०७ ते १९१७ अशी दहा वर्षे ते सरकारच्या अर्थखात्यात नोकरीला होते. कचेरीच्या आधी आणि नंतर कोलकात्यात बऊबाजारच्या ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’मध्ये जाऊन ते तंतुवाद्यांच्या कंपनांवर प्रयोग करीत. त्या काळी पदार्थविज्ञान हाच त्यांचा कार्यालयाबाहेरचा छंद होता. पुढे ते प्राध्यापक झाले, तेव्हा तेच काम नोकरी झाले. म्हणजे काम आणि छंद यांची सीमा पगारपत्रकावर आखलेली असते, ज्ञानात ती नसते. पगारपत्रकाला पगारापुरता मान द्यावा, त्यापलीकडे कशाला?

पण वकिलाने ताम्रपट वाचला, हिशेबनिसाने तंबोरा छेडला, एवढ्याने माझा सिद्धान्त पुरा होत नाही. खरी गोष्ट पुढे आहे. या माणसांना तो प्रश्न कोणी दिलेला नव्हता. आपल्याकडच्या अभियांत्रिकी पीएच.डी.त नेमके उलट घडते. विषय बहुतेक वेळा गाइडच्या चालू प्रकल्पातून येतो, उपकरण आधीच्या विद्यार्थ्याने उभे केलेले असते, चलराशी ठरलेल्या असतात. नव्याने यायचे ते मागच्या प्रबंधात ५०० फेरे होते तिथे ४००. यात गाइडचा दोष काढत नाही. निधी प्रकल्पाला मिळतो, कुतूहलाला मिळत नाही, आणि नवशिक्याला आखून दिलेले काम लागतेच. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची मिनी डाळमिल गावोगाव गेली, तशी कामे एकेका प्रश्नावर चिकाटीने राबल्यानेच होतात. तरीही पीएच.डी.ने माणसात जी एक गोष्ट तयार व्हायला हवी, कोणता प्रश्न विचारण्याजोगा आहे हे स्वतः ठरवण्याची कुवत, ती या पद्धतीत शेवटपर्यंत त्याच्या वाट्याला येत नाही. ती त्याला मिळते रविवारी. एकबुर्जीवर यंदा चक्रवाक उशिरा का आले, अमुक तालात हात का अडखळतो, शकुंतलेचे रूळ ७६२ मिलिमीटरच का, हे त्याने स्वतःला घातलेले प्रश्न असतात. चुकला तर त्याचा तोच, उत्तर सापडले तरी टाळी वाजवणारा कोणी नाही.

त्या रुळांचे जरा सांगतोच. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अरुंद मार्गाची गाडी कारंज्यावरून जायची, कापूस वाहून नेण्यासाठी इंग्रजी कंपनीने घातलेली. मँचेस्टरला १९२१मध्ये बनलेले वाफेचे इंजिन तिला १९२३पासून १९९४पर्यंत, म्हणजे सात दशके, ओढत होते. यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने याच्या नादी लागावे आणि एक इंजिन सत्तर वर्षे चालवायचे तर कोणते सुटे भाग कुठे घडवले जात असतील, असा प्रश्न घेऊन जुन्या फिटरच्या घरी जाऊन बसावे, यात त्याच्या प्रबंधाचा काडीचाही फायदा नाही. नसू द्या. प्रश्न घ्यायचा, माणूस शोधायचा, त्याच्या सांगण्यातले किती खरे धरायचे ते ताडायचे, ही सगळी मेहनत तो कोणाच्या देखरेखीशिवाय करतो.

दामोदर धर्मानंद कोसंबी हे याचे मराठी मुलखातले सर्वांत झगझगीत उदाहरण. जन्म गोव्यातला, शिक्षण हार्वर्डचे, व्यवसाय गणित शिकवण्याचा. १९४०च्या आसपास पुण्यात फर्ग्युसनला असताना त्यांनी प्राचीन आहत नाणी हाती घेतली. नाणेतज्ज्ञ नाण्यांवरची चिन्हे बघत; कोसंबींनी ती तराजूत घातली. चलनात फिरणारे नाणे झिजते. एकाच वेळी पाडलेल्या नाण्यांचे सरासरी वजन काळानुसार घटते आणि वजनांतला आपसातला फरक वाढत जातो, तेव्हा तक्षशिलेच्या साठ्यातले कोणते गट आधीचे आणि कोणते नंतरचे हे वजनांवरून लावता यावे. तर्क तपासायला त्यांनी चालू रुपयेही तोलले. हजारो नाणी, प्रत्येक स्वच्छ करायचे, तोलायचे, नोंदायचे! गणिताच्या प्राध्यापकाला हे करायला कोणी सांगितले नव्हते. याच वाटेने पुढे ते भर्तृहरीच्या पाठचिकित्सेकडे, पुण्याभोवतीच्या टेकड्यांवरच्या सूक्ष्मास्त्रांकडे आणि शेवटी भारतीय इतिहासाच्या नव्या मांडणीकडे गेले.

इथे पूर्वपक्ष हसून म्हणेल, बरे झाले कोसंबींचे नाव काढले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६२मध्ये त्यांची मुदत वाढवली नाही, हे का सांगत नाही? रीमानच्या सुप्रसिद्ध कूटप्रश्नाची सिद्धता म्हणून त्यांनी जे १९५९मध्ये छापले, ते गणितज्ञांनी मान्य केले नाही, हे का सांगत नाही? सांगतो. ती सिद्धता त्यांनी कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापली, जिथे अंकसिद्धान्ताचे जाणकार ती आधी तपासण्याची शक्यताच नव्हती. नाण्यांच्या बाबतीत तर्क मांडला की ते चालू रुपये तोलून पाहत होते. गणितात, म्हणजे स्वतःच्या धंद्यात, त्यांनी हे पथ्य सांभाळले नाही. घसरले ते नोकरीतल्या विषयात, आणि छंदाच्या विषयात त्यांची शिस्त जास्त कडक होती. हे उदाहरण पूर्वपक्षाच्या कामाचे नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. छंद कधी कधी संशोधनाला गिळतो. अश्विनी भिडे-देशपांडे यांनी भाभा अणुसंशोधन केंद्रातून जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट केली आणि आयुष्य गाण्याला दिले. विज्ञानाचे नुकसान झाले म्हणावे, तर जयपूर घराण्याचा केवढा लाभ झाला तेही मोजावे लागेल. प्रत्येक तबलजी विद्यार्थ्यातून अल्लारखाँ निघणार नाहीत, उघड आहे. पण ज्याला सहा वर्षे धान्याचा ओलावा मोजून शेवटी कळते की आपली वाट वेगळी होती, त्याला ते छंदामुळे दोन वर्षे आधी कळले तर चोरी कोणाची झाली?

क्लॉड शॅनन यांचे नाव अशा चर्चेत नेहमी येते आणि नेहमी चुकीच्या कारणासाठी येते. संदेशवहनाचा गणिती सिद्धान्त १९४८मध्ये मांडणारा हा अभियंता बेल कंपनीच्या व्हरांड्यातून एकचाकी सायकलवर चेंडू उडवत फिरे, तेव्हा पाहा, खेळकर असल्यामुळे प्रतिभावान! पण चेंडू उडवण्याने त्यांच्या सिद्धान्ताला काही मदत झाल्याचे दिसत नाही. त्यांनी केले ते वेगळेच. कितीतरी वर्षांनी त्यांनी चेंडूंच्याच खेळाचे समीकरण बांधले: चेंडू हवेत किती वेळ, हातात किती वेळ, हात किती वेळ रिकामा, आणि हात व चेंडू किती, यांचा परस्परसंबंध. खेळाने कामाला खतपाणी घातले नाही, उलट काम करणारी बुद्धी खेळालाही गंभीरपणे सामोरी गेली. त्यांची स्वतःची १९४०ची एमआयटीची डॉक्टरेट आनुवंशिकतेच्या बीजगणितावर होती, आणि ती संपताच त्यांनी तो विषय सोडून दिला. प्रबंधाचा विषय हा आयुष्याचा विषय असलाच पाहिजे असे त्यांना वाटले नाही.

हे सगळे लिहिताना एक गोष्ट मनातून जात नाही. मी आतापर्यंत ‘मुलगा’ म्हणत आलो, आणि पारावरची विचारणाही मुलालाच होते. मुलीला ती होत नाही, कारण तिच्या बाबतीत प्रश्न तिथपर्यंत पोचतच नाही. विभागातून सहाला सुटलेली मुलगी वसतिगृहात असेल तर साडेसातच्या आत हजर, घरी असेल तर सरळ स्वयंपाकघरात. तिची पीएच.डी. हाच घरच्यांच्या मते तिचा छंद. लग्न ठरेपर्यंत चालवून घेतलेला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत स्त्रियांना दोन वर्षांची जादा मुदत आहे, ती याच वास्तवाची कबुली. पण मुदत वाढल्याने रविवार मोकळा होत नाही. छंदाविषयीचा आपला सगळा वाद ज्यांच्याकडे थोडा मोकळा वेळ आहे त्यांच्यापुरता आहे, आणि तो वेळ कोणाकडे आहे हे अजून जन्मावर आणि चुलीवर ठरते. या बाबतीत पूर्वपक्षापेक्षा छंदाचे गोडवे गाणारे जास्त दोषी, कारण ते जणू सगळ्यांच्याच संध्याकाळी रिकाम्या आहेत असे बोलतात.

आणि छंद म्हणजे काय काय, हेही विचारले जाईल. रील्स बघणे छंद का? माझ्या मते नाही, कारण त्यात पुढचा प्रश्न यंत्र ठरवते. गल्लीतले टेनिस बॉलचे क्रिकेट? खेळून घरी येणे वेगळे आणि ओल्या खेळपट्टीवर हा चेंडू असा का उठतो यावर भांडणे वेगळे; पण पहिल्यालाही माझा विरोध नाही. माणसाने निव्वळ खेळायलाही हरकत नसावी. प्रत्येक घामाचे समर्थन देत बसलो तर मीही त्या उपयोगवाद्यांच्याच रांगेत जाऊन उभा राहीन.

पूर्वपक्षाला माझा सिद्धान्त पटला नाही तर त्याने तो विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन तपासावा. प्रबंधांच्या कपाटातून अभियांत्रिकीचे कोणतेही दहा-पंधरा प्रबंध काढावेत आणि शेवटचे प्रकरण उघडावे, भावी संशोधनाच्या दिशा सांगणारे. प्रयोगाचे प्रकरण ऐंशी पानांचे, आलेख रंगीत, आणि हे प्रकरण बहुतेकांत पाऊण पानाचे. अधिक ओलाव्याच्या नमुन्यांवर प्रयोग करता येतील. इतर पिकांसाठी अभ्यास वाढवता येईल. यंत्राची क्षमता वाढवता येईल. अमुकच्या प्रबंधातली ही वाक्ये तमुकच्यात घातली तर परीक्षकाला पत्ता लागणार नाही. मौखिक परीक्षेत बाहेरचा परीक्षक विचारतो, ‘बरं, यापुढे काय करायचं म्हणता?’ तेव्हा पाच वर्षे रोज साडेनऊला हजेरी लावलेला मुलगा गाइडच्या तोंडाकडे बघतो.